वादळ चार तासांचे, बेगमी वीस दिवसांची



पाडवा होऊन गेला. कोकणात सध्या कुणाला बोलायला सवड नाही. हापूस उतरवायचा, पेट्या भरायच्या, काजूच्या बिया वाळवायच्या, त्यातच लग्नसराई. अशा वेळी मी वादळाचा विषय काढला तर तुम्ही म्हणाल, "भाऊसाहेबांना ऊन लागलेले दिसते!" समुद्र निवांत आहे, आभाळात औषधालाही ढग नाही. पण मंडळी, वादळाबद्दल बोलायची वेळ हीच. बंदरावर बावटा चढल्यावर मी लिहायला बसलो, तर हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत पडवीचे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडलेले असतील.

आपल्याकडे आगोटीची बेगमी करण्याची जुनी रीत आहे. मृग लागण्याआधी घर शाकारायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा, कुळीथ, मसाला, सुकी मासळी डब्यांत भरायची. ही रीत फार शहाणपणाची आहे. पण ती मृगाच्या पावसासाठी आहे आणि वादळ काही मृगाची वाट पाहत थांबत नाही. 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले ते ३ जून २०२० रोजी, म्हणजे मृगाच्या चार दिवस आधी. त्याच्या पुढच्या वर्षी १४ मे रोजी अक्षय्यतृतीया झाली आणि लगेच १५-१६ मे २०२१ ला 'तौक्ते' वादळ सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले. झाडावरचा उरलेला आंबा एका रात्रीत जमिनीवर आला. तेव्हा कित्येकांची आगोट सुरूसुद्धा झाली नव्हती.

म्हणून आज माझे सांगणे दोनच गोष्टींचे आहे. एक, आगोटीची तयारी एप्रिल संपायच्या आत उरका. आणि दुसरी, तयारी वादळाच्या चार तासांपुरती करू नका, त्यानंतरच्या वीस दिवसांची करा.

वादळे मे आणि ऑक्टोबरातच का?

वादळाला दोन गोष्टी लागतात, तापलेले समुद्राचे पाणी आणि वरच्या हवेतली शांतता. ऐन पावसाळ्यात आभाळाच्या वरच्या थरात इतके जोराचे वारे वाहतात, की वादळाची घडी नीट बसतच नाही. म्हणून अरबी समुद्रात वादळाचे हंगाम दोन, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बंगालच्या उपसागराच्या मानाने आपल्या समुद्रात वादळे कमी, हे पूर्वापार खरे. पण अरबी समुद्राचे पाणी अलीकडे अधिक तापू लागले आहे आणि इथली वादळे वाढत आहेत, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांना दिसून आले आहे. तेव्हा "आमच्या आजोबांनी कधी पाहिले नाही" हा हिशेब आता धरू नका. घाटावरच्या वाचकांनीही पान उलटू नये. 'निसर्ग' किनाऱ्यावर थांबले नव्हते. ते पुणे, नाशिककडे गेले आणि वाटेत पॉलिहाऊस, कांदाचाळी आणि विजेचे खांब पाडत गेले.

घर : वारा पत्रा ढकलत नाही, उचलतो

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. साठ किलोमीटरच्या वाऱ्यात जे छप्पर नुसते करकरते, ते एकशेवीसच्या वाऱ्यात का टिकत नाही, हे यावरून ध्यानात येईल. शिवाय वारा वळचणीखाली शिरून छप्पर वर उचलतो. पडवीचा लांब बाहेर काढलेला पत्रा आधी जातो तो त्यामुळे.

पत्र्याचे सर्व हूक-बोल्ट एकदा वर चढून तपासा. गंजलेले बदला, आणि कडेच्या दोन ओळींत ते दुप्पट घाला. पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही. मोठ्या वाऱ्यात तो दगडच कुणाच्या तरी डोक्यात बसतो. त्याऐवजी छपरावरून आडवी जाड तार किंवा नायलॉनचा दोर घेऊन दोन्ही अंगांना जमिनीत पक्क्या मेखांना ताणून बांधा. कौलारू घर असेल तर आढ्यावरची कोनाची कौले आणि कडेची ओळ चुना-सिमेंटने बसवून घ्या. वाळवी लागलेला वासा आजच बदला. शंभर-दीडशे कौले आणि एक चांगली ताडपत्री घरात शिल्लक ठेवा. 'निसर्ग'नंतर कौले आणि पत्रे पैसे देऊनही मिळत नव्हते. भर पावसात माणसे उघड्या घरात भांडी मांडून बसली होती.

घरावर आलेली आंब्या-फणसाची फांदी आताच छाटा. घराजवळच्या माडाचे तयार नारळ आणि सुकी झावळे उतरवून घ्या. हिरवी झावळे मात्र तोडू नका. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात. त्यांना नुसते आंबे खायला बसवू नका, दोराचे एक टोक त्यांच्याही हातात द्या.

विहीर, दिवा आणि चूल

'निसर्ग'च्या वेळी मी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात नोकरीला होतो आणि कुटुंबासह तिथल्याच एका वाडीत राहत होतो. माझ्या घराचे छप्पर मी चांगले बांधले होते आणि ते टिकलेही. दुपारी वारा पडल्यावर मी खुशीत होतो. संध्याकाळी सौभाग्यवतीने विचारले, "पाणी कशाने काढायचे?" विहिरीवर पंप बसवल्यापासून रहाट मोडीत निघाला होता. घरात बारा हात दोरसुद्धा धड नव्हता. विजेचे खांब काडीसारखे मोडून पडले होते. आमच्या वाडीत वीज आली ती तेविसाव्या दिवशी, आणि काही वाड्यांना त्याहूनही उशिरा. ते सारे दिवस आम्ही खालच्या आळीतल्या एका काकूंच्या विहिरीवरून पाणी आणले. त्यांनी पंप घेतला होता, पण जुनी कप्पी काढू दिली नव्हती. पोरे त्यांना त्यावरून हसत. त्या तेवीस दिवसांत हसणारी सारी घरे त्यांच्याच विहिरीवर रांगेत उभी होती.

म्हणून विहिरीवर कप्पी, चऱ्हाट आणि पोहरा या महिन्यात परत आणा. पिठाची चक्कीही विजेवर चालते, हे विसरू नका. वीस दिवस पुरेल इतके तांदळाचे पीठ आधीच दळून ठेवा. घरात जुने जाते असेल तर ते अंगणात पालथे घालू नका. लाकूडफाटा आणि गोवऱ्या कोरड्या जागी ठेवा. काड्यापेट्या झाकणाच्या बरणीत ठेवा. पोहे, गूळ, शेंगदाणे, कुळथाची पिठी, मीठ आणि चहा-साखर एका उंच फळीवर असू द्या. रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, तेव्हा सौरदिवा घ्या किंवा खोबरेल तेलाची पणती तयार ठेवा. सेलवर चालणारा रेडिओ घरात हवाच, कारण मोबाईलचे मनोरेही वाऱ्यात बंद पडतात.

घरात कुणाला रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर महिनाभराच्या आणून ठेवा. इन्सुलिन घेणारे माणूस असेल तर शीतकपाट बंद पडल्यावर ते कसे ठेवायचे, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. घरच्या लेकीसुनेचे दिवस भरत आले असतील तर इशारा मिळताच तिला तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे पोहोचवा. रस्त्यावर झाडे पडल्यावर रुग्णवाहिका येऊ शकत नाही.

गोठा

आता जी गोष्ट सांगतो, ती सांगताना मला आजही संकोच वाटतो.

२ जूनला मी, पोलीस पाटील आणि दोघे-तिघे तरुण घरोघर फिरत होतो. एका टोकाच्या घरी म्हातारा-म्हातारी आणि त्यांची सून एवढीच माणसे. घर कच्चे. आम्ही त्यांना समजावले आणि शाळेत नेले. त्यांनी ऐकले, वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी वारा थांबल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर परत गेलो. घराची अर्धी भिंत उभी होती, पण गोठा पूर्ण बसला होता. आत गाय दाव्याला बांधलेली, दिवसांवर आलेली. दाव्याला ओढ देऊन देऊन तिने खुंटा हलवला होता, पण तो निघाला नव्हता.

म्हातारी रडली नाही. तिने गाईच्या गळ्यातले दावे सोडले, हातात गुंडाळले आणि मला म्हणाली, "साहेब, तुम्ही जा म्हणालात, आम्ही गेलो. गाईचं दावं सोडा, असं कुणी बोललं नाही."

मी बी. एस्सी. कृषी झालेला माणूस. जनावरांच्या रोगांवर, चाऱ्यावर मी शेकडो सभांतून बोललो असेन. पण त्या दिवशी घाईत ते चार शब्द माझ्या तोंडून आले नाहीत. त्या आजींना मी काहीच उत्तर देऊ शकलो नाही. आज ते उत्तर तुम्हा सर्वांना देतो : घर सोडताना दावे सोडा.

गोठा पक्का नसेल तर जनावर आत बांधून ठेवू नका. एखादी भक्कम पक्की इमारत जवळ असेल तर तिथे हलवा. नसेल तर झाडे आणि विजेच्या तारा यांपासून दूर, पाणी साचणार नाही अशा उंच मोकळ्या जागी दावे काढून सोडा. जनावराला वाऱ्याची दिशा कळते, ते आपला आडोसा शोधते. बांधलेल्याला ते जमत नाही. कोंबड्यांची खुराडीही उघडी ठेवा. पेंढा वीस दिवस पुरेल इतका कोरड्या जागी झाकून ठेवा. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला आहे ना, हे आजच पाहा. बिल्ला नसेल तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते.

बाग

चौदा आणे तयार झालेला आंबा इशारा मिळताच उतरवा, भावाची वाट पाहू नका. पडलेला आंबा मात्र झेल्याने काढलेल्या आंब्यात मिसळून पेटीत घालू नका. तो आतून दुखावलेला असतो, दोन दिवसांत पेटी नासवतो आणि तुमचे नावही. त्याचे आमचूर, लोणचे, पन्हे करा.

वादळात कलम कलंडले तर लगेच कुऱ्हाड चालवू नका. मुळे पूर्ण उखडलेली नसतील तर पहिल्या आठवड्यातच फांद्या छाटून भार कमी करा, झाड हळूहळू सरळ करून मुळांवर माती चढवा आणि टेकू द्या. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात भिजवा, मग दोन्ही एकत्र करा. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडाचे नको. माडाचा शेंडा पिळवटला असेल तर मोडलेला भाग काढून तिथेही औषध द्या आणि थोडे दिवस वाट पाहा. कोंब जिवंत असेल तर माड पुन्हा उभा राहतो. पोफळी मोडली तर मात्र इलाज नाही. म्हणून दरवर्षी थोडी रोपे तयार ठेवत चला.

भातवाल्यांसाठी दुसऱ्या हंगामाची गोष्ट. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी 'क्यार' तर समुद्रातच राहिले, तरी त्याच्या पावसाने कापलेले भात शेतात कुजवले. तेव्हा दिवाळीच्या सुमारास कापलेले भात खाचरात चार-चार दिवस पसरून ठेवू नका. भारे बांधून उंच जागी उडवी रचा आणि वर ताडपत्री घाला.

कागद

सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक आणि घरपट्टीची पावती हे सारे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती एका डब्यात ठेवा. घर सोडताना हा डबा घरधनिणीच्या हातात हवा. बागेतली आंबा, नारळ, सुपारी, काजूची झाडे पीक पाहणीत नोंदलेली आहेत का, ते तपासा. जे झाड कागदावर नाही, ते पडले तरी सरकारच्या लेखी उभेच नव्हते! घराचे, गोठ्याचे, बागेचे फोटो आत्ता, सारे धड असताना काढून ठेवा. सामाईक सातबाऱ्याचे दुखणे आपल्या कोकणात घरोघरी आहे. नुकसान गावात होते आणि सही करणारे भाऊबंद मुंबईत असतात. मे महिन्यात सगळे घरी जमतात, तेव्हाच बसून संमतीपत्राचे बोलून घ्या. गणपतीपर्यंत ते पुढे ढकलू नका.

इशारा आल्यावर

हवामान खाते चार टप्प्यांत सूचना देते. पहिली साधारण ७२ तास आधी येते. ती मिळाली की औषधे, सेल, पीठ यांत काही कमी असेल ते आणा आणि फोन भरून ठेवा. दुसरी ४८ तास आधीची, पिवळ्या रंगाची. तेव्हा तयार फळ उतरवा, अंगणातले पाट, डबे, सुटे पत्रे आत घ्या आणि पाण्याची सर्व भांडी भरा. तिसरी २४ तास आधीची, नारिंगी. तेव्हा म्हातारी माणसे, मुले आणि गरोदर बाया यांना पक्क्या घरात किंवा शाळेत पोहोचवा आणि जनावरांची सोय करा. चौथी १२ तास आधीची, लाल. तेव्हा कच्च्या घरात कुणीही राहू नये. गॅस आणि विजेचे मुख्य बटण बंद करा, दावे सोडा, डबा घ्या आणि निघा.

वारा एकाएकी थांबला आणि ऊन पडल्यासारखे झाले तर फसू नका. तो वादळाचा डोळा असतो. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. रेडिओवर किंवा गावात सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका. अडचण आली तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, आणि तातडीसाठी ११२.

वादळ गेल्यावर

पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असे समजा. ओल्या छपरावर लगेच चढू नका, वादळातून वाचलेली माणसे दुसऱ्या दिवशी कौले चाळताना पडतात. आधी ताडपत्री टाका, पाऊस उघडल्यावर वर जा. ढिगाऱ्यात हात घालण्यापूर्वी काठी घाला, तिथे साप आसऱ्याला आलेला असतो.

विहिरीचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ७८५ ने गुणा, म्हणजे पाणी किती लिटर ते कळते. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या मापाने त्यात सुमारे ७० ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागेल. ती बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, फक्त वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळा. तासाभराने पाणी काढा. पाणी गढूळ दिसत असेल तर आरोग्यसेवकांना विचारून प्रमाण ठरवा, आणि तोवर उकळून प्या.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक येतात. त्यांच्या हुद्द्यांची नावे आता बदलली असली तरी कामे तीच आहेत. ते येण्यापूर्वी पडलेल्या झाडांचे फोटो घ्या आणि मोजदाद वहीत लिहून ठेवा. झाडे तोडून सरपण केल्यावर मोजणार काय?

हे सारे एका दिवसात होणार नाही. म्हणून आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवा आणि एका कागदावर चार ओळी लिहा. म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार? कागदांचा डबा कोण घेणार? गॅस आणि वीज कोण बंद करणार? दावे कोण सोडणार? प्रत्येकापुढे एकेक नाव घाला आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा. ऐनवेळी शिकलेली माणसेसुद्धा विसरतात, हे मी स्वतःवरून सांगतो. भिंतीवरचा कागद विसरत नाही.

त्या आजींच्या घरी मी पुढच्या वर्षी गेलो होतो. नवा गोठा उभा राहिला होता, गोठ्यात एक कालवड होती. गोठ्याच्या दारावर सुनेने खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "दावे सोडा." आजींना वाचता येत नाही. पण ते काय लिहिले आहे, हे त्यांनी मला बोट ठेवून सांगितले.

पुढील अंकी खरिपाच्या भात बियाण्याविषयी बोलू. तोवर कप्पीला तेल घाला.